दुसरा खेळत असताना बोलू नये

४ मार्च

प्रिय छोटी,

परवा फोनवर मी तुटक बोलले म्हणून रागावू नकोस. हे शेजारच्या खोलीत होते आणि आमच्या भिंती तुला माहीत आहेत. पलीकडे कुणी शिंकलं की इकडे आपण रुमाल शोधतो. त्यापेक्षा कागद बरा.

तुझे भाऊजी बदललेत. वाईट नाही, चांगले झालेत, आणि तेच मला सलतंय.

लग्न झाल्यापासून या घरात माझं एक वाक्य धड पूर्ण झालेलं नाही, हे तू स्वतः पाहिलंयस. मी "आज दुकानात" म्हटलं की हे "गिऱ्हाईक भांडलं असेल" म्हणून मोकळे. दिवसभर बस चालवायची, रस्त्यावरच्या यच्चयावत माणसांचा उद्धार करायचा आणि उरलासुरला राग घरी आणायचा. आता मी बोलायला लागले की हातातलं काम बाजूला ठेवतात, माझ्या तोंडाकडे बघत राहतात आणि मी थांबले की "बरं" म्हणतात. मुद्दाम कळ काढावी म्हणून म्हटलं, "तुमच्या बहिणीला काडीची अक्कल नाही." तर म्हणे, "बरं." चहा की कॉफी विचारलं तर "हो."

फोन वाजला की उचलत नाहीत. बघतात, खिशात टाकतात आणि मग गॅलरीत जाऊन मेसेज लिहीत बसतात. टीव्ही मात्र एवढा मोठा लावतात की मला विचार करणं मुश्कील.

आणि ते मिनी गोल्फ. डेपोतल्या लोकांबरोबर एकदा गेले काय, आता दर सुट्टीला तिथेच. पोहण्याच्या तलावामागे आहे. हिरवी सतरंजी पसरलेली, मध्ये लाकडी पवनचक्की, पूल, बोगदा, आणि काठीने चेंडू हळूच ढकलत भोकात घालायचा. पोराटोरांचा खेळ. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तुला कंटाळा येईल." पण तिथली शिस्त घरी घेऊन येतात. काल मी केर काढत होते, तर हे भिंतीला चिकटून कडेकडेने गेले. म्हटलं, "काय झालं?" तर ऐटीत म्हणाले, "दुसऱ्याच्या रेषेत पाय ठेवू नये." छोटी, हा माणूस इतकी वर्षं माझ्या केरातून बुटांसकट चालत गेलाय.

कुणासाठी शिकले असतील हे सगळं?

तुझी,
ताई

११ मार्च

ताई,

तुझं पत्र लॉन्ड्रीत उभ्या उभ्याच वाचलं आणि हॉटेलची एक पांढरीशुभ्र चादर करपवली. आमची सुपरवायझर बाई ओरडली, पण मला ऐकूच आलं नाही. डोक्यात तुझीच वाक्यं फिरत होती.

स्पष्ट लिहू? कुठेतरी पाणी मुरतंय. पुरुष घरात एकाएकी सभ्य वागायला लागला की समजावं, बाहेर त्याचा सराव चालू आहे. माझा नवरा मला सोडून जायच्या आधी दारं हळू लावायला लागला होता. ओला टॉवेल दोरीवर टाकायला लागला होता. मी मूर्ख, बहिणींना कौतुकाने सांगत होते. तूच तेव्हा म्हणाली होतीस, "नशीब काढलंस." आठवतंय?

आणि फोन न उचलता मेसेज? अगं, फोनवर बाईचा आवाज बाहेर ऐकू येतो. मेसेजला आवाज नसतो. मोठा टीव्हीही त्याचसाठी. तुझे प्रश्न कानावर पडू नयेत म्हणून.

घरी काहीएक विचारू नकोस. विचारलंस की सावध होतील. सुट्टीच्या दिवशी गुपचूप जा आणि बघ. दुकानातला एखादा मोठा काळा गॉगल डोळ्यांवर चढव. चष्म्याच्या दुकानात नोकरी करून एवढा तरी फायदा करून घे.

आणि ताई, काही झालंच तर मी आहे. माझी खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे.

छोटी

१९ मार्च

छोटी,

बघितलं. आता वाटतं, बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

तलावाच्या बाजूला सरबताची टपरी आहे, तिच्या आडोशाने बसले. मिनी गोल्फच्या फाटकावर मोठा बोर्ड आहे. पुढच्यांचं खेळून होईपर्यंत आपण सुरुवात करू नये. कुणाच्या रेषेत उभं राहू नये. चेंडू भोकात गेला की लगेच काढून घ्यावा, मागच्यांना ताटकळत ठेवू नये. काठी गुडघ्याच्या वर उचलू नये. दुसरा खेळत असताना बोलू नये. वाचून मला हसू आलं. एवढे नियम तर आमच्या लग्नातही कुणी सांगितले नव्हते.

हे आले. बरोबर एक बाई. उंच, करडे केस मानेपर्यंत मोकळे, चालणं रुबाबदार. माझ्याहून थोडी मोठीच असेल, म्हणजे तरुण पोरीच्या नादी लागलेत म्हणायचीही सोय नाही.

यांची पाळी आली की ती यांच्या दंडाला हात लावते. एकदा नाही, दर वेळी. हे तिची पाळी आली की तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकतात, इतक्या सहज, जणू ती जागा त्यांचीच. ती बोलायला लागली की हे तिच्या ओठांवरून नजर हटवत नाहीत. बोटांनी खाणाखुणा चालतात. तिचा चेंडू पुलावरून घसरून पाण्यात पडला, तर यांनी बाही वर करून काढला, स्वतःच्या शर्टाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. माझ्या हातात या माणसाने कधी पाण्याचा पेलासुद्धा नीट ठेवलेला नाही.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि हाक मारली. मोठ्याने, "अहो!" काउंटरवरची बाई वळली. दोन परके पुरुष वळले. हे वळले नाहीत. ती पण नाही. दोघंही त्या पवनचक्कीच्या पात्यांकडे बघत उभे, जणू जगात दुसरं कुणी नाहीच. मी खाली बसले.

संध्याकाळी घरी आले ते माझ्यासाठी पेरू घेऊन. म्हटलं, "कोण कोण होतं?" माझ्याकडे बघून म्हणाले, "छान होती हवा."

मी काय करू?

ताई

२४ मार्च

ताई,

वाचून माझं रक्त उकळलं. ओठांवरून नजर हटत नाही म्हणे! आणि हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं, ही तर निगरगट्टपणाची हद्द झाली. तुझ्या हाकेवर ते वळले नाहीत, कारण वळले असते तर उत्तर द्यावं लागलं असतं.

आता घरी रडत बसू नकोस. तिथेच जा, चारचौघांत, आणि तोंडावर विचार. यांना शिस्तीचं एवढं प्रेम आहे ना, मग सगळ्यांसमोर होऊ दे. मी तेव्हा गप्प राहिले, घरची अब्रू म्हणून, आणि अजून पस्तावते आहे.

मग बॅग भर आणि सरळ इकडे ये. लॉन्ड्रीत जागा होते आहे, मी बोलून ठेवते.

छोटी

९ एप्रिल

ताई,

पत्र नाही, फोन उचलत नाहीस. गेलीस का तिथे? काय झालं? दोन ओळी लिही, नाहीतर मीच निघते.

छोटी

१४ एप्रिल

छोटी,

गेले होते. लिहायला हात धजत नव्हता.

फाटकातून तिकीट न काढताच आत शिरले. पवनचक्कीपाशी एक जोडपं खेळत होतं, त्यांच्या मधूनच गेले. त्यांचा चेंडू माझ्या चपलेला लागून भलतीकडे गेला. कुणीतरी "बाई, जरा थांबा" म्हणालं. बोर्डावरचा एकही नियम मी शिल्लक ठेवला नाही. हे बोगद्यासमोर वाकून उभे होते, पाठ माझ्याकडे. मी त्यांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले आणि मनात साठलेलं सगळं बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, तू कल्पना कर आणि त्याच्या दुप्पट धर. पोहायला आलेल्या बायका ओल्या अंगाने जाळीशी गोळा झाल्या. काउंटरवरची बाई धावत आली.

आणि यांनी शांतपणे काठी मागे घेतली आणि चेंडू मारला. तो बोगद्यातून पलीकडे जाऊन भोकात पडला. हे चालत गेले, वाकून चेंडू काढला आणि मग वळले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, तू? कधी आलीस?"

छोटी, त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती. काहीच नव्हतं. एवढा आरडाओरडा झाला आणि त्यातलं एक अक्षर त्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं.

ती बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज मोठा आणि सपाट, जणू भिंतीशी बोलते आहे. "तुम्ही मिसेस ना? समोरून बोला. मागून बोललेलं त्यांना कळत नाही. मलाही नाही." तिने केस बाजूला केले. कानामागे यंत्र. कापडाच्या गिरणीत मागावर होती ती, त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. कानाच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी बसून यांची ओळख झाली. मला म्हणाली, "मी कधीची सांगते आहे यांना, घरी बोला म्हणून. ऐकत नाहीत." मग स्वतःच खो खो हसली.

घरी आल्यावर समोर बसून विचारलं, "कधीपासून?"

"इंजिनाच्या बाजूचा कान आधी गेला," म्हणाले. "मग दुसरा."

"मला का नाही सांगितलं?"

बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं. म्हणाले, "पहिल्या वेळीच कळलं. तोंडातून काढलं की खरं होईल असं वाटायचं. घरी, डेपोत, सगळीकडे माणसं बोलत असतात आणि मी अंदाजाने 'हो' आणि 'बरं' म्हणत असतो. तिथे कुणी बोलतच नाही. बोलायचं नाही असा नियमच आहे. तिथे मी सगळ्यांसारखा असतो."

मी दिवसभर परक्या माणसांच्या कानांमागे चष्म्याच्या दांड्या बसवते, छोटी. कुठे टोचतंय, कुठे सैल आहे, बोट लावलं की कळतं मला. घरातल्या कानांना मी कधी हात लावला नाही.

ताई

२० एप्रिल

ताई,

मीच तुला तिथे धाडलं. भाऊजींची क्षमा मागायची तर कोणत्या तोंडाने?

एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ती मला खात राहील. मी खोलीत दुसरी खाट आणून ठेवली होती. तुझ्यासाठी. खिडकीपाशी. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. म्हणजे तुझं घर मोडावं असं मला वाटत होतं असं नाही, पण तू येशील या कल्पनेने मी रोज लवकर घरी येत होते. हे ओळखायला मला तुझं हे पत्र यावं लागलं.

आता तुला आवडणार नाही असं विचारते. तू एवढं सगळं लिहिलंस आणि बसबद्दल एक शब्द नाही. मी तुझी बहीण आहे, तू कुठे गाळतेस ते मला कळतं. भाऊजी अजून बस चालवतायत का?

छोटी

६ मे

छोटी,

हो. चालवत होते. मला माहीत होतं आणि मी गप्प होते. तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपत होते.

मी रजा घेतली आणि त्यांच्या बसमध्ये जाऊन बसायला लागले. पहिल्या सीटवर, त्यांच्या पाठीमागे. भोंगा वाजला, कुणी बेल मारली की त्यांच्या खांद्याला बोट लावायचं. उजवीकडून काही आलं तर उजव्या, डावीकडून तर डाव्या. लोकांना वाटायचं काय प्रेम आहे दोघांचं! आमचं छान बस्तान बसलं होतं. मला तर वाटायला लागलं होतं की निवृत्तीपर्यंत असंच रेटू.

एक दिवस बस खचाखच भरली. मी उभ्या माणसांत चेपले गेले. एका स्टॉपवर एक बाई मागच्या दाराने उतरत होती, तिच्या पिशवीचा पट्टा दारात अडकला आणि बस निघाली. ती बाहेरून दार बडवत बसबरोबर धावत होती. मागची माणसं ओरडायला लागली, "थांबवा, थांबवा!" मला सगळं ऐकू येत होतं, पण माझा हात यांच्यापर्यंत पोचत नव्हता. आरशात फक्त माणसांच्या पाठी. शेवटी पुढच्या एका माणसाने यांच्या तोंडासमोर हात नाचवला तेव्हा ब्रेक लागला. बाईचा गुडघा फुटला, तळहात सोलवटले. त्याहून जास्त काही झालं नाही. तिने यांना जे सुनावलं ते सगळं यांनी तिच्यासमोर उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघत ऐकून घेतलं. मग तिची पिशवी उचलून दिली.

त्या दिवशी बस डेपोत लावली आणि तसेच मॅनेजरच्या खोलीत गेले. मी बाहेर बाकावर. आतून मॅनेजरचा चढा आवाज येत होता. यांचा आवाज शांत होता. बाहेर आले ते टोपी हातात घेऊन. म्हणाले, "सांगितलं." मी म्हटलं, "काय म्हणाले ते?" तर म्हणाले, "बरंच काही. सगळं कळलं नाही. जेवढं कळलं तेवढं पुरे आहे."

चौकशी झाली. स्टेअरिंग कायमचं गेलं. एवढी वर्षं सांभाळलेलं नाव, त्यावर शेरा आला. नोकरी मात्र ठेवली, सुट्या भागांच्या कोठारात. पहिल्या दिवशी डबा तसाच परत आणला.

खाट राहू दे तिथेच. आम्ही दोघं येऊ म्हणतो.

ताई

२५ मे

मेहुणबाई,

हे अक्षर ओळखीचं नसेल. तुला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही, फोनवर "कशी आहेस" म्हणून फोन तुझ्या ताईकडे द्यायचो. आता कळतं की लिहिणं किती सोयीचं आहे. समोरचा काय म्हणाला ते परत विचारावं लागत नाही.

तू क्षमा वगैरे मागितलीस ते तुझ्या ताईने दाखवलं. सोडून दे. तुमचा संशय रास्त होता. मी लपवत होतो हे खरंच होतं, तुमचा फक्त पत्ता चुकला. आणि माझं लपवणं त्या गुडघा फुटलेल्या बाईला भोगावं लागलं. तिच्या घरी जाऊन आलो. तिने दार अर्धंच उघडलं, पाणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

कोठारात बरं चाललंय. नट, बोल्ट, रबरी पट्टे. सगळे गप्प असतात. बसचा आवाज आता कानात बसवून घेतलेल्या नव्या यंत्रातून येतो, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा. तरी गाडी आत शिरली की हात आपोआप गियरकडे जातो. जाईल हळूहळू.

सुट्टीला आम्ही तिघं खेळतो. तुझी ताई, मी आणि गिरणीवाली बाई. तुझ्या ताईला बोर्ड तोंडपाठ आहे, दुसऱ्यांच्या चुका बरोबर पकडते. स्वतः मात्र आमचं लक्ष नसलं की चेंडूला पायाने हळूच पुढे सारते. मी बहिरा आहे, आंधळा नाही. गिरणीवालीनेही पाहिलंय. आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गप्प बसतो. पावसाळ्याआधी ये, चौघांचा डाव चांगला रंगतो. त्या दोघींची गट्टी इतकी जमली आहे की मला माझ्याच पार्टनरवर संशय यायला लागलाय.

आता एक सांगतो. हल्ली संध्याकाळी भांडी मी घासतो. यंत्राला पाणी चालत नाही म्हणून ते काढून ठेवतो. तेव्हा तुझी ताई माझ्यामागे टेबल आवरत असते. समोर खिडकी आहे, बाहेर अंधारलं की काचेत तिचा चेहरा दिसतो. ओठ हलताना दिसतात. मी वळलो की मिटतात. रोज हेच. मला संशय आला. तोंडावर गोड वागते आणि पाठीमागे काय बोलते ही बाई? बस गेली म्हणून बोल लावत असेल, असंच वाटलं. मग मी भांडी सावकाश घासायला लागलो आणि काचेत बघून वाचायचा प्रयत्न केला. उलटं दिसतं, पण ओठ दोन्हीकडून सारखेच असतात.

परवा जमलं. ती म्हणत होती, "मला भीती वाटते हो." एवढंच. पुन्हा पुन्हा, टेबल पुसत पुसत.

मी नळ बंद केला, हात कोरडे केले, कानात यंत्र बसवलं आणि वळलो. म्हटलं, "इथे बस. समोर बसून सांग."

"कुठे काय? काही नाही," म्हणाली.

मी उभाच राहिलो. मग बसली, आणि सांगायला लागली. जे नीट ऐकू आलं नाही ते मी परत विचारलं, आणि तिने परत सांगितलं. बराच वेळ लागला. भांडी सकाळी घासली.

तुझा,
भाऊजी